त्र्यंबकेश्वर आलं की पडदा अडखळायचा

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात दोन पडदे शेजारी शेजारी ठेवले होते. डावा एका छोट्या पीसीला जोडलेला, आत इंटेलचा कोअर प्रोसेसर. उजवा तळहाताएवढ्या आर्म बोर्डाला (मोबाइलमध्ये असतात त्या जातीचा प्रोसेसर), त्यावर कॉर्टेक्स-ए७२ चे ४ कोर. दोन्हींवर आमचा एकच प्रोग्रॅम चालू होता: बस स्थानकात लावायचा वेळापत्रकाचा फलक. गावांची नावं खालून वर सरकत राहतात, एवढंच त्याचं काम. डावीकडची नावं नदीत सोडलेल्या पणतीसारखी संथ जायची. उजवीकडे मध्येच हिसका बसायचा.

चार दिवस मी तो हिसका नुसता बघत होतो. बोर्डाचं तापमान बघितलं, वीजपुरवठा बदलला, घड्याळ लावून बसलो. काही संगती लागेना. ती लागली चहा घेऊन येणाऱ्या मावशींना. कप ठेवता ठेवता पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हे मशीन जोडाक्षराला अडतंय बघा. आमचा नातू पहिलीत असाच वाचायचा."

खरंच की! पुणे, सातारा, नाशिक, बीड सुरळीत जायचे. त्र्यंबकेश्वर आलं की हिसका. श्रीवर्धनला हिसका. अक्कलकुव्याला बारीकसा. आणि एकदा येऊन गेलेलं नाव पुन्हा आलं तर काहीच नाही.

पडद्यावरची अक्षरं दर वेळी नव्याने काढत नाहीत. प्रत्येक आकार एकदाच काढून एका मोठ्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका चित्रात, साठवून ठेवतात आणि जीपीयू, म्हणजे चित्रं काढणारी चिप, तिथून उचलून हवा तिथे चिकटवतो. इंग्रजी मजकुराचा हा साठा शंभरेक आकारांत भरतो आणि मग दिवसभर कोणी त्याला हात लावत नाही. देवनागरीचं तसं नाही. त्र्य, श्व, क्क, ष्ट्र, द्ध... नवं गाव आलं की नवा आकार येण्याची शक्यता असतेच. म्हणजे आमचा हिसका साठ्यात नवा आकार घालतानाचा होता. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्याला एका चित्रासाठी, म्हणजे फ्रेमसाठी, १६.६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की आधीचीच फ्रेम पुन्हा दाखवली जाते, आणि सरकत्या मजकुरात डोळ्याला ते लगेच कळतं.

हे सगळं सुरू झालं ते खर्चामुळे. फलकामागे पीसी लपवणं महाग पडत होतं, तो तापायचा, पंख्यात धूळ जायची. आर्म बोर्ड स्वस्त, बिनपंख्याचा. मला विचारलं, किती दिवस लागतील? मी म्हणालो, दोन आठवडे. मेसा आर्मवर चालतो, लिनक्स चालतो, आपला कोड सी भाषेत आहे, नुसतं पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे नव्या प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवायचं. सात महिने लागले.

मेसा म्हणजे लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचं घर. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज इंटेल, एएमडी, रास्पबेरी पाय, ॲपलच्या एम मालिकेपर्यंत सगळ्यांच्या जीपीयूंना पुरतो. आमच्याकडे त्याची एक प्रत होती आणि तिच्यात आमचे बरेच बदल. शिवाय कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आमचाच एक छोटा मॉड्यूल: जीपीयूने काढलेलं चित्र एलईडी फलकापर्यंत नेणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड तो चालवायचा. पीसीवर हे सगळं दोन वर्षं तक्रार न करता चाललं होतं. त्यामुळे कोड बरोबर आहे अशी आमची समजूत झाली होती.

पहिलाच दिवस आठवतो. आर्मवर प्रोग्रॅम सुरू झाला, नावं दिसली, टाळ्या वाजल्या. मग कोणीतरी म्हणालं, वर्ध्याचा रफार कुठे गेला? पडद्यावर 'वधा' होतं. रफार हरवला नव्हता. उजवीकडे पार पुढच्या रकान्यात, गाडीच्या वेळेवर जाऊन बसला होता. अक्षराच्या चिन्हाला किती पिक्सेल सरकवायचं तो आकडा आम्ही सीच्या साध्या 'चार' (char) प्रकारात ठेवला होता. एक्स८६ लिनक्सवर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या पीसी प्रोसेसरांवर, हा प्रकार ऋण आकडे धरतो. आर्म लिनक्सवर तो शून्यापासून २५५ पर्यंतच जातो. उणे ३ चे झाले २५३. रफार तीन पिक्सेल मागे येण्याऐवजी अडीचशे पिक्सेल पुढे गेला. कंपायलरला एक पर्याय देऊन हे तात्पुरतं दाबता येतं, आम्ही दोन दिवस तेच केलं, मग लाज वाटून सगळीकडे प्रकार नीट लिहिले.

तेव्हा हसलो. पुढची सगळी कहाणी याच जातीची असणार आहे, हे कळलं नव्हतं.

तर हिसका. माझा पहिला संशय जीपीयूवर. स्वस्त बोर्ड, दुबळा जीपीयू, सरळ हिशोब. मी शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) छाटले, सावल्या काढून टाकल्या, रिझोल्यूशन अर्ध्यावर आणलं. हिसका जसाच्या तसा. जीपीयूचं काम एक चतुर्थांश झालं तरी वेळ तोच लागतो, याचा अर्थ वेळ जीपीयूत जातच नाही. एवढी साधी गोष्ट मान्य करायला मला आठवडा लागला. शेवटी लिनक्सचं 'पर्फ', वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, लावलं आणि दिसलं की त्या फ्रेमचा बहुतेक वेळ प्रोसेसरवर, ड्रायव्हरच्या एकाच फंक्शनात जातोय: टेक्स्चरमध्ये आकार उतरवणारं फंक्शन.

ग्राफिक्स ड्रायव्हर म्हटलं की लोकांना जीपीयू दिसतो. पण ड्रायव्हर हा प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम आहे. शेडर कंपाइल करणं, आज्ञांची यादी बनवणं, मेमरी इकडून तिकडे नेणं, सगळं प्रोसेसर करतो. म्हणून जीपीयू तोच ठेवून प्रोसेसर बदलला तरी ड्रायव्हरचा स्वभाव बदलतो.

आता हे उतरवणं काय असतं? आपण चित्र ओळीओळीने मेमरीत ठेवलेलं समजतो. जीपीयूला ते सोयीचं नसतं. त्याला शेजारचे पिक्सेल, वरचेखालचेही, मेमरीत जवळजवळ हवे असतात, म्हणून तो टेक्स्चर छोट्या चौकटींत ठेवतो. रास्पबेरी पायच्या व्हिडिओकोर जीपीयूंमध्ये सगळ्यांत लहान चौकट बरोबर ६४ बाइटांची असते. एका पिक्सेलला ४ बाइट लागत असतील तर ती ४ बाय ४ पिक्सेलांची, एकच बाइट लागत असेल तर ८ बाय ८ ची. आमच्या बोर्डाची रचना याच धर्तीची होती. ओळीओळीने आलेला आकार या चौकटींत मांडून ठेवण्याचं काम प्रोसेसरचं.

आमच्या प्रतीत हे पिक्सेलमागून पिक्सेल होत होतं: प्रत्येक पिक्सेलचा पत्ता काढ, एक बाइट लिही, पुढे जा. पीसीसाठी एसएसईमध्ये (पीसी प्रोसेसरच्या अनेक बाइट एकदम हाताळणाऱ्या आज्ञांत) लिहिलेला वेगवान रस्ता होता. आर्मसाठी कोणी लिहिलाच नव्हता. मग मी निऑन, आर्मच्या तशाच आज्ञा, शिकायला बसलो. मेसामधला व्हीसी४ हा ड्रायव्हर एरिक अनहोल्ट यांनी ब्रॉडकॉममध्ये असताना २०१४ मध्ये सुरू केला. त्यातली चौकट भरणारी काही ओळींची असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट आज्ञा) मी वहीत उतरवून घेतली होती. निऑनचे चार रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले कप्पे, प्रत्येकी १६ बाइट, मिळून ६४. अख्खी चौकट एका दमात. इतका नेमका मेळ बसलेला बघून मला फार आनंद झाला होता.

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी एसएसईचा कोड ओळीला ओळ ठेवून निऑनमध्ये आणत होती. एका जागी ती दोन दिवस अडली. एसएसईमध्ये एक आज्ञा आहे, १६ बाइटांतल्या प्रत्येकाचा वरचा बिट काढून १६ बिटांचा एक आकडा हातात देणारी. तिच्या जोरावर आम्ही चौकट पूर्ण कोरी आहे का ते बघायचो. कोरी असेल तर लिहायचीच नाही. निऑनमध्ये ही आज्ञा नाही. तिने चार आज्ञा जोडून तसाच आकडा बनवला, आणि तो इतका हळू निघाला की कोरी चौकट सरळ लिहून टाकणं परवडलं असतं. काकांनी (आमच्यातले सगळ्यांत अनुभवी सहकारी, सगळे त्यांना काका म्हणतात) तिला एकच विचारलं, "अगं, तुला कोणता बाइट भरलेला आहे ते हवंय, की एखादा तरी भरलेला आहे का, एवढंच हवंय?" एवढंच हवं होतं. त्यासाठी ६४ बिटांच्या आर्मवर १६ बाइटांतला सगळ्यांत मोठा सांगणारी एक आज्ञा आहे. मोठ्यातला मोठा शून्य, म्हणजे सगळे शून्य. शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर वाचताना जसं अडखळायला होतं, तसं त्या चार आज्ञांचं झालं होतं.

तीन आठवडे गेले. निऑनचा कोड सुरू केला. हिसका कमी झाला, गेला नाही. त्र्यंबकेश्वर अजूनही एक फ्रेम खायचंच.

इथून पुढचे पंधरा दिवस माझे सगळ्यांत वाईट गेले, कारण कोडमध्ये वेगवान करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पर्फ आता दाखवत होता की वेळ लिहिण्यात जात नाहीये. वाचण्यात जातोय. पण आम्ही तर टेक्स्चरमध्ये लिहितोय, वाचायचं काय?

वाचत होतो ते असं. अक्षराचा आकार चौकटीच्या काठावर बरोबर बसेल असं नसतं. समजा तो १३ व्या पिक्सेलपासून सुरू झाला. मग पहिली चौकट अर्धी जुन्या अक्षराची, अर्धी नव्याची. अशी अर्धवट चौकट लिहायची तर आधी ती वाचायची, नवा भाग मिसळायचा, मग पुन्हा लिहायची. ड्रायव्हर हे इमानेइतबारे करत होता. पीसीवरही करत होता. फरक मेमरीत होता.

इंटेलच्या कोअर प्रोसेसरांत २०११ च्या सँडी ब्रिजपासून प्रोसेसर आणि त्यातला जीपीयू शेवटच्या पातळीचा कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) वाटून घेतात. तिथे जीपीयूची मेमरी वाचणं बहुतेक वेळा कॅशेतून वाचण्याइतकं स्वस्त. आमच्या आर्म बोर्डावर जीपीयूला दिलेली मेमरी प्रोसेसरच्या कॅशेत येतच नाही. लिहिताना त्याचं फारसं बिघडत नाही, लेखनं एकत्र करून पाठवली जातात. वाचताना मात्र प्रत्येक वेळी थेट रॅमपर्यंत जाऊन यायचं. अंगणातल्या आडाऐवजी दर तांब्याला नदीवर जाण्यातली गत. एक्स८६ वर अशा मेमरीतून भराभर वाचण्यासाठी एसएसई ४.१ मध्ये एक खास आज्ञा आहे, मेसामध्ये ती वापरलेलीही आहे. आर्मवर तिच्यासारख्या दिसणाऱ्या आज्ञेचा अर्थ 'हा डेटा पुन्हा लागणार नाही' एवढा इशारा देण्यापुरता. तिने नदी जवळ येत नाही.

मी काकांसमोर वही उघडून बसलो. वाचन वेगवान कसं करायचं याचे तीन बेत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, पण वाचायचंच कशाला?"

अक्षरं साठ्यात कुठे ठेवायची ते ठरवणारा कोड आमचाच. तो जागा वाया जाऊ नये म्हणून अक्षरं खेटून ठेवायचा. आम्ही प्रत्येक आकाराची जागा ८ च्या पटीत सुरू आणि ८ च्या पटीत बंद केली. थोडी जागा फुकट गेली. पण एकही चौकट अर्धवट उरली नाही, वाचन संपलं, आणि त्र्यंबकेश्वर डावीकडच्यासारखंच संथ वर गेलं. बदल होता अकरा ओळींचा. तीन आठवड्यांच्या निऑनने जे दिलं त्याच्या कितीतरी पट या अकरा ओळींनी दिलं, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला आनंदापेक्षा वैतागच जास्त आला होता. निऑन काढून टाकला नाही. त्याचा उपयोग आहेच. पण मी तो आधी लिहायला नको होता.

बोर्ड एका ठिकाणी चाचणीसाठी लावला. तिसऱ्या दिवशी फोन: फलक बंद पडलाय आणि वर इंग्रजीत 'बस एरर' असं लिहिलंय. तिथल्या माणसाला वाटलं, बसबद्दलच काहीतरी आहे. एखादी गाडी रद्द झाली असेल. तो बिचारा चौकशी खिडकीवर जाऊन विचारूनही आला.

बस एरर हा लिनक्सचा निरोप आहे, मेमरीला न चालणारी मागणी केली की येणारा. रात्री बारा वाजता आमचा प्रोग्रॅम कार्डाची मेमरी एकदा पुसून घ्यायचा, मेमरी एकाच आकड्याने भरणाऱ्या साध्या 'मेमसेट'ने. ६४ बिटांच्या आर्मवर ग्लिबसी या सीच्या लायब्ररीतलं मेमसेट मोठा तुकडा शून्याने भरताना एक खास आज्ञा वापरतं, जी सबंध कॅशे ओळ एकदम शून्य करते. सामान्य मेमरीवर ती उत्तम चालते. पण आमच्या मॉड्यूलने कार्डाची मेमरी 'नॉन-कॅश्ड' म्हणून जोडली होती, आणि आर्मच्या लिनक्सवर त्याचा अर्थ होतो 'डिव्हाइस' प्रकारची मेमरी. त्या प्रकारावर ही आज्ञा चालत नाही, आडव्यातिडव्या पत्त्यावरचं वाचनही चालत नाही. प्रोसेसर सरळ दोष दाखवतो. एक्स८६ वर याच शब्दाचा अर्थ फक्त 'हळू'. तिथे दोन वर्षं मेमसेट हळू चालत होतं आणि रात्री बारा वाजता कोणाला घाई नसते. मॉड्यूलमध्ये एक शब्द बदलून 'राइट-कम्बाइन' (लेखनं एकत्र करून पाठवा) केलं. आर्मवर पडझड थांबली, आणि पीसीवर पुसणं कितीतरी पट वेगवान झालं.

यानंतरचा दोष मात्र मी कधी विसरणार नाही.

दिवसातून एखाद्या वेळी, कधी दोन दिवसांतून एकदा, फलकाच्या मधोमध एक पट्टा यायचा ज्यात आधीची नावं असायची. एका फ्रेमपुरता. माणसाच्या नजरेला ते नीट दिसतही नाही. आम्हाला ते फलकासमोर लावलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणातून कळलं. फक्त आर्मवर. डीबगर, म्हणजे दोष शोधायचं साधन, लावलं की कधीच नाही. छापून बघायला एक ओळ घातली तरी नाही.

कार्डाला काम द्यायची पद्धत अशी: रॅममध्ये एक गोल रांग असते, तिच्यात 'अमुक पत्त्यावरून इतकं उचल' अशी चिठ्ठी लिहायची, मग कार्डाच्या एका रजिस्टरमध्ये रांगेचा नवा शेवट लिहायचा. ते लिहिणं म्हणजे घंटा वाजवणं: ती वाजली की कार्ड रांग वाचायला घेतं. आधी चिठ्ठी, मग घंटा. सीमध्ये याच क्रमाने लिहिलेलं होतं, कंपायलरनेही याच क्रमाने काढलेलं होतं. मी असेंब्ली तपासली.

पण आर्मवर प्रोसेसरने दोन लेखनं एका क्रमाने केली म्हणून बाहेरच्याला ती त्याच क्रमाने दिसतील असं नाही. रॅममधली चिठ्ठी एका वाटेने जाते, कार्डाचं रजिस्टर दुसऱ्या. कधीतरी घंटा आधी पोचते. कार्ड रांगेत बघतं तर तिथे जुनीच चिठ्ठी, आणि ते निमूटपणे जुना पट्टा उचलून आणतं. एक्स८६ या बाबतीत कडक शिस्तीचा आहे, एका कोरची लेखनं तो क्रमाने बाहेर पडू देतो. आर्मने ती हमी दिलेली नाही. क्रम हवा असेल तर मागून घ्यायचा.

लिनक्समध्ये तो मागायची सोय रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या नेहमीच्या फंक्शनातच आहे. ६४ बिटांच्या आर्मवर ते लिहिण्याआधी आपणहून एक अडसर घालतं: याच्या आधीचं सगळं पोचू दे, मग हे. त्या फंक्शनाची एक 'रिलॅक्स्ड' आवृत्ती आहे, अडसर न घालणारी. आमच्या मॉड्यूलमध्ये ती होती. कोणी घातली म्हणून इतिहास बघितला, तर दोन वर्षांपूर्वीचा माझाच बदल, सोबत माझाच शेरा: 'वेगासाठी'. गंमत अशी की एक्स८६ वर या दोन आवृत्त्यांतून शेवटी एकच साधी आज्ञा निघते. म्हणजे ज्या मशीनवर मी वेग वाढवला म्हणून पाठ थोपटून घेतली होती, तिथे काडीचाही फरक पडला नव्हता. फरक पडला तो दोन वर्षांनी, दुसऱ्या मशीनवर, उलट्या दिशेने.

तो एक शब्द काढला. पट्टा पुन्हा दिसला नाही. तरी पुढचे तीन आठवडे कॅमेरा चालू ठेवला, कारण न दिसणारा दोष गेला हे सिद्ध कसं करायचं?

किरकोळ गोष्टी आणखी पुष्कळ. एका नव्या कर्नेलवर मेमरीचं पान ४ ऐवजी ६४ किलोबाइटांचं निघालं आणि आमच्या कोडमध्ये चौदा जागी ४०९६ हा आकडा लिहिलेला सापडला. चित्रं बिटाला बिट ताडून बघणाऱ्या आमच्या चाचण्या आर्मवर धडाधड नापास झाल्या, कारण जीसीसी हा कंपायलर तिथे गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत, मधल्या उत्तराचे शेवटचे अंक न छाटता करतो, आणि आमच्या पीसीच्या बांधणीत ती आज्ञा वापरलेलीच नव्हती. शेवटच्या बिटात फरक पडणारच. चाचण्यांसाठी ते जोडणं बंद केलं.

सात महिने इथे संपले. आणि मग साहेब एक रिस्क-फाइव्ह बोर्ड घेऊन आले, तिसऱ्याच जातीच्या प्रोसेसरचा. "आता तुम्हाला सवय झालीच आहे," म्हणाले.

त्या बोर्डाच्या जीपीयूचा आम्हाला चालेलसा मुक्त ड्रायव्हर नव्हता. म्हणून सगळं चित्र प्रोसेसरनेच काढायचं ठरलं, मेसातल्या एलएलव्हीएमपाइपने. हा ड्रायव्हर पडदा ६४ बाय ६४ पिक्सेलांच्या तुकड्यांत वाटून सगळ्या कोरांना कामाला लावतो, आणि शेडरचा त्या त्या प्रोसेसरचा मशीन कोड चालता चालता एलएलव्हीएम या कंपायलर संचाकडून बनवून घेतो. इथेच मेख होती. त्याचं जुनं कोड बनवणारं इंजिन, एमसीजिट, रिस्क-फाइव्ह ओळखतच नव्हतं. ओआरसी नावाचं नवं इंजिन वापरणारी मेसाची आवृत्ती घ्यावी लागली. नाहीतर उरतो सॉफ्टपाइप, जो शेडरची एकेक आज्ञा वाचत बसतो आणि ज्यावर नावं सरकत नाहीत, रांगतात. २०२१ मध्ये पक्क्या झालेल्या रिस्क-फाइव्हच्या व्हेक्टर आज्ञा (अनेक आकडे एकदम हाताळणाऱ्या) मोठ्या गोड आहेत: रजिस्टर किती रुंद आहे हे प्रोग्रॅमने गृहीत धरायचं नाही, चालताना प्रोसेसरला विचारायचं. एलएलव्हीएमपाइप मात्र रुंदी आधी ठरवून मगच कोड बनवतो, एसएसई आणि निऑनच्या जगात वाढलेला आहे तो. दोघांचं जमवता जमवता पावसाळा गेला.

तिथेही पहिल्याच दिवशी एक नवल दिसलं. दोन शब्दांच्या मध्ये, जिथे मोकळी जागा असते, तिथे पांढरे शुभ्र चौकोन. 'संगमनेर ▮ बस ▮ स्थानक'. पीसीवर नाहीत, आर्मवर नाहीत.

मोकळ्या जागेलाही एक आकार असतो, कोरा. आमचा कोड आकाराची तीव्रता त्याच्या एकूण भाराने भागायचा. कोऱ्याचा भार शून्य. शून्य भागिले शून्य. दशांश अंकगणितात याचं उत्तर 'हा आकडाच नव्हे' असं येतं, आणि ते आम्ही पूर्णांकात बदलत होतो. सीच्या नियमांत या बदलाला काही अर्थ नाही. म्हणून प्रत्येक प्रोसेसर आपल्या मनाने वागतो. एक्स८६ ने दिला सगळ्यांत लहान ऋण पूर्णांक. आर्मने दिला शून्य. रिस्क-फाइव्हने दिला सगळ्यांत मोठा धन पूर्णांक. नंतर आम्ही तो ० ते २५५ मध्ये कोंबायचो: पहिले दोन ०, म्हणजे पारदर्शक, तिसरा २५५, म्हणजे शुभ्र. एवढी वर्षं प्रत्येक मोकळ्या जागेवर आम्ही शून्याने भागत होतो आणि दोन प्रोसेसरांनी ते पोटात घातलं होतं.

काकांनी हे ऐकून हात जोडले. तिसऱ्या बोर्डाला, मला नव्हे.

आता प्रत्येक बदल तीनही मशीनवर चालवल्याशिवाय आत घेत नाही. चाचणीच्या यादीत गावांची नावं आहेत, सगळ्यांत वर त्र्यंबकेश्वर, मग वर्धा, रफारासाठी. मावशी अधूनमधून पडद्यासमोर थांबतात आणि मान हलवून पुढे जातात. मागच्या महिन्यात काकांनी यादीच्या तळाला 'कार्त्स्न्य' घातलं. एका व्यंजनसमूहात पाच व्यंजनं, बघू म्हणाले. तिन्ही बोर्डांवर एकही फ्रेम चुकली नाही. अक्षर मात्र मोडून, मध्ये पाय मोडल्याचं चिन्ह घेऊन आलं. ते जोडाक्षर आमच्या फॉन्टमध्येच नव्हतं.